कारण कुणी सांगायचं?

वाचकांचे प्रश्न : बंदूक, परवाना आणि घर

मागच्या अंकात मी टेक्सासमधल्या माझ्या नेमबाजीविषयी लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, बरीचशी काळजीपोटी लिहिलेली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मूळची सिंधुदुर्गातली. 27 वर्षं अमेरिकेत आहे आणि आता तिथली नागरिक आहे. आठवडाभर औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी असते आणि शनिवारी सकाळी रेंजवर नवशिक्यांना, त्यातही बायकांना, बंदूक धरायला शिकवते. घरात माझ्या स्वतःच्या चार बंदुका आहेत. त्या बाळगण्याचा हक्क मला फार मोलाचा वाटतो. आलेल्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

माझा मुलगा एच-वन-बी व्हिसावर डॅलसला आहे. मित्र त्याला रेंजवर नेतात. आता तो स्वतःचं पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. "इथे कुणीही घेऊ शकतं, आई," असं त्याचं म्हणणं. खरं आहे का? – एक आई, पुणे

ताई, खरं नाही. आजच त्याला फोन करा.

अमेरिकेतल्या केंद्राच्या कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. बाळगायला, हे नीट लक्षात घ्या. नुसती खरेदी नव्हे. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेतली तरी ते बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. शिक्षा 15 वर्षांपर्यंत आहे, आणि शिक्षेच्या आधीच देशातून काढून टाकण्याची कारवाई सुरू होऊ शकते. टेक्सास राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी केंद्राचा कायदा त्याच्या डोक्यावर आहेच. मुलांची नेमकी इथेच गल्लत होते.

यात एक सवलत आहे. ज्याच्याकडे तिथल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स आहे, त्याला ही मनाई लागू होत नाही. टेक्सासात 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला त्यासाठी सुरक्षेचा कोर्सही करावा लागतो. तुमच्या मुलाला खरोखर आवड असेल तर त्याने आधी तो कोर्स करावा, लायसन्स घ्यावं, ते जवळ ठेवावं आणि मगच रेंजवर पाऊल टाकावं. खरेदीचा विचार इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात व्हिसाबद्दल सरळ प्रश्न आहे आणि खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा आहे. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न असतो. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो ओढणाऱ्याला बंदूक नाही, हेही त्याच्या मित्रांना कळू द्या.

माझंच सांगते. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत सात वर्षं मी रेंजच्या काचेअलीकडे बाकावर बसून नुसती बघत असे. आतला आवाज काचेतून ठक ठक असा यायचा. ज्या दिवशी कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आत गेले. त्या सात वर्षांचा मला अजिबात पस्तावा नाही.

आमच्याकडे शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक आहे. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करावी लागते, नेमकी काजू-आंब्याच्या किंवा भाताच्या दिवसांत. नूतनीकरणाला खेटे वेगळेच. तुमच्या अमेरिकेत म्हणे सरकारकडे बंदुकीची नोंदसुद्धा नसते. मग आम्हीच असे काय गुन्हेगार आहोत? – एक शेतकरी, कुडाळ तालुका

भाऊ, तुमचं पत्र वाचताना माझे बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले. आमच्या घरीही ठासणीची बंदूक होती, अशाच परवान्यावरची. भाताला दाणा धरला की रात्री रानडुकरं उतरायची. बाबा माळ्यावर बसून हवेत एक बार काढायचे आणि पुढे तासभर वाडीतले कुत्रे भुंकत राहायचे. निवडणूक लागली की तीच बंदूक गोणपाटात गुंडाळून, सुंभाने बांधून, बाबा एसटीने ठाण्यात घेऊन जात. कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचा, "काय, इलेक्शन इला?" ठाण्यातून मिळालेली पोच बाबा पंचांगाच्या पानांत ठेवायचे. एका वर्षी बंदूक परत आली ती दस्त्याला बोटभर लांब भेग घेऊन. आई म्हणाली, तक्रार करा. बाबा म्हणाले, "नूतनीकरणाचो कागद त्याच टेबलावर जातलो." पितळेची तार ओढून त्यांनी ती भेग बांधली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, तार पकडायला मीच बसले होते. सरकारची ताकद म्हणजे काय, हे मला त्या तारेने पहिल्यांदा कळलं.

आता तुमचा प्रश्न. नोंद नसते हे अर्धं खरं आहे. 1986 च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायला मनाई केली. मी बंदूक घेते तेव्हा फॉर्म दुकानदाराकडे राहतो. तो केंद्राच्या तपासणी यंत्रणेला विचारतो, माझं नाव गुन्हेगारांच्या आणि इतर अपात्र लोकांच्या नोंदींशी ताडून बघितलं जातं आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. गुन्ह्यात बंदूक सापडली तर तिच्या क्रमांकावरून कंपनी, कंपनीकडून दुकान, दुकानातून फॉर्म, असा माग काढावा लागतो. नावावरून शोध घेता येत नाही. पण मशीनगन, सायलेन्सर यांची नोंद 1934 पासून केंद्राकडे होतेच, आणि हवाईसारखी राज्यं सगळ्याच बंदुकांची नोंद ठेवतात. तेव्हा तिथे सगळं मोकळं रान आहे हा समज सोडून द्या.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक नोंदीचा नाही. कारण कुणी सांगायचं, यात तो फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये शंभराहून जास्त वर्षं असा नियम होता की बंदूक सोबत बाळगायची तर आपल्याला तिची खास गरज आहे हे अर्जदाराने पटवून द्यायचं. अधिकाऱ्याला पटलं नाही की अर्ज गेला. ज्यांची ओळख मोठी त्यांना परवाना, बाकीच्यांनी घरी जायचं. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. परवाना, प्रशिक्षण, गुन्ह्यांची तपासणी या गोष्टी न्यायालयाने राहू दिल्या. काढून टाकली ती एकच गोष्ट, टेबलापलीकडच्या माणसाची मर्जी. आणि 2024 मध्ये त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की घरच्या माणसांना धोका असल्याचं ठरवून न्यायालयाने ज्याला मनाई हुकूम दिलाय, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. दोन्ही निकाल मला पटतात. नाकारायचं तर कारण सरकारने दाखवावं, लेखी दाखवावं, आणि कारण खरं असेल तर आपण ते मुकाट्याने मान्य करावं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. इंग्रजांचा 1878 चा शस्त्र कायदा लोकांना इतका झोंबला होता की 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तसाच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. नियमनाचा अधिकार राज्याकडे हवाच, नाहीतर अट्टल गुन्हेगारही हाच हक्क सांगत पुढे येईल, असा त्यांचा रोख होता. फाळणीचं रक्त वाळलेलं नव्हतं, तेव्हा त्यांची काळजी मला समजते. नियमन हवं, हे मलाही मान्य आहे. पण हक्क गेला आणि त्याबरोबर कारण सांगायचं ओझं कायमचं शेतकऱ्याच्या डोक्यावर आलं, याचं मला वाईट वाटतं.

आणि तरीही भाऊ, 1959 चा शस्त्र कायदा तुमच्या बाजूने जितका आहे तितका तुम्हाला कुणी सांगितलेला नाही. त्याचं कलम 13 काढून बघा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर, कायद्याने अपात्र ठरत नसाल तर, अधिकाऱ्याने परवाना "द्यावा" अशी त्याची भाषा आहे. पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण पटवावं लागतं, तशी तुमची गत नाही. कलम 14 म्हणतं की नाकारलं तर कारणं लेखी नोंदवली पाहिजेत आणि तुम्ही मागितल्यावर त्यांचा गोषवारा दिला पाहिजे. सार्वजनिक हिताच्या आड येतं असं म्हणून तो अडवता येतो, पण तेवढ्याचसाठी. कलम 18 खाली अपील आहे. तोंडी "होणार नाही" ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कारण लेखी मागा.

जमा करण्याचंही तसंच. निवडणूक आयोगाच्या सूचनांचा भर जामिनावर सुटलेल्या, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या किंवा पूर्वी दंगलीत सापडलेल्या परवानाधारकांवर आहे, आणि त्यासाठी छाननी समिती असते. तिच्याकडे आधीच लेखी अर्ज करा. पिकाचे दिवस, जमिनीचा सातबारा, इतक्या वर्षांत एकही गुन्हा नाही, हे सगळं लिहा. वाडीतल्या चार-पाच परवानाधारकांनी एकत्र केलात तर उत्तम. आदेश निघालाच तर मात्र बंदूक वेळेत जमा करा, आणि देताना दस्ता, नळी, घोडा यांचे फोटो काढून ठेवा. बाबांकडे कॅमेरा नव्हता.

मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला नेमबाजी शिकायचीय. घरच्यांना भीती वाटते. – कोल्हापूर

कोल्हापुरातून हे पत्र यावं याचं मला नवल वाटलं. तेजस्विनी सावंत तुमच्या, 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबत तुमची. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 ला पॅरिसहून 50 मीटर रायफलमधलं कांस्यपदक घेऊन आला. मुलीला जवळच्या क्लबात न्या आणि 10 मीटर एअर रायफलपासून सुरुवात करू द्या. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पहिले काही आठवडे तिला छर्रा न भरता नुसतं उभं राहायला, श्वास धरायला आणि चाप हळू दाबायला लावतील. ती कंटाळली नाही तर समजा, पोरगी या खेळाची आहे. घरच्यांनाही एकदा सोबत न्या. रेंजवर "थांबा" म्हटल्यावर पंधरा माणसं एका क्षणात बंदूक खाली ठेवतात, ते त्यांना बघू दे.

आम्ही मुलीकडे ह्यूस्टनला आलो आहोत. नातू सहा वर्षांचा. शेजारच्या मित्राकडे खेळायला जातो. त्यांच्याकडे बंदुका आहेत असं कळलं. पाठवावं का? विचारणं बरं दिसेल का? – एक आजी

काकू, विचारा. अगदी सरळ विचारा. "तुमच्या घरी बंदूक आहे का? असली तर ती कुलपात आहे का?" नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असती तर तुम्ही संकोचला असता का? माझ्या घरी मुलं खेळायला यायची तेव्हा मी त्यांच्या आयांना दारातच सांगत असे आणि सेफ दाखवत असे. जिला दाखवलं तिने पुढे कधी शंका घेतली नाही. जो बंदूकमालक या प्रश्नावर रागावतो त्याच्याकडे मुलाला पाठवू नका.

पाहायचं काय ते सांगते. बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. कपाटावर, गादीखाली, पर्समध्ये ठेवलेली बंदूक म्हणजे लपवलेली बंदूक. सहा वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू ठाऊक असते. टेक्सासात 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा मोठ्या माणसाचा गुन्हा आहे. बंदूकवाल्यांच्या सभांमधून या कायद्याविरुद्ध बोलणारे मी ऐकले आहेत. माझं त्यांच्याशी पटत नाही. दुकानात झोपेच्या आणि वेदनेच्या कडक गोळ्या मी कुलपात ठेवते, मोजून ठेवते, मोजल्याची सही करते. घरी गेल्यावर तेच हात ढिले कसे पडतील?

नातवालाही चार गोष्टी शिकवा. बंदूक दिसली तर थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. रोज विचारा, पाढ्यांसारखं.

जावयाने नेमबाजीला वापरलेली पाठीवरची बॅग आम्हाला भारतात न्यायला दिली आहे. काही हरकत नाही ना? – न्यू जर्सीहून

हरकत आहे. ती बॅग नेऊ नका, दुसरी घ्या.

भारतातल्या विमानतळांवर बॅगेत एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते तिथे असल्याची तुम्हाला जाणीवच नव्हती, हा बचाव आहे. जाणीवपूर्वक ताबा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 सालीच गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. पण तो बचाव कोर्टात मांडायचा असतो. विमान सुटतं, जबाब होतात, तारखा पडतात.

गेल्या डिसेंबरात मी माझी जुनी बॅग फेकायला काढली. आधी सगळे कप्पे उलटे केले. काही पडलं नाही. मग सवयीने अस्तरावरून तळहात फिरवला तर तळाशी एक टणक उंचवटा लागला. शिवण उसवलेली होती, तिथून .22 चं एक काडतूस आत घरंगळलं होतं. नखाएवढं, शिशाचं टोक काळं पडलेलं. ती बॅग मी दोनदा विमानात नेली होती. त्या दिवसापासून माझी रेंजची बॅग भगवी आहे आणि गाडीच्या डिकीशिवाय ती कुठेही जात नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांकडच्या 6,737 बंदुका तपासणीत सापडल्या, त्यातल्या 93 टक्क्यांच्या आसपास भरलेल्या. यांतले बहुतेक जण विसरलो म्हणतात. बंदूक विसरता येते, हेच मला कळत नाही. काडतूस विसरता येतं, हे मात्र आता कळलं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत एकटा राहतो. घटस्फोट झालाय. त्याच्याकडे पाच-सहा बंदुका आहेत. हल्ली फोनवर म्हणतो, "आता कशातच राम नाही." पोलिसांना कळवलं तर त्याच्या बंदुका जातील, तो मला कधीच माफ करणार नाही. काय करू? – एक बहीण, नाशिक

ताई, हे पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं. इथे लिहितेय ते अशाच इतर घरांसाठी.

अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःचा जीव घेतलेले असतात. 2021 मध्ये 48,830 मृत्यू झाले, त्यातले 26,328 आत्महत्या. आमच्या रेंजवरच्या गप्पांत चोर येतो, दरोडेखोर येतो, हे आकडे येत नाहीत. यायला हवेत. मन अंधारात असतं तो काळ बहुतेकदा सरतो, पण बंदूक त्याला सरू देत नाही.

भावाला स्पष्ट शब्दांत विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. तो हो म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका. 988 हा जीव द्यायचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदतीचा नंबर अमेरिकेत कुठूनही, रात्री-अपरात्री लागतो. धोका अगदी समोर दिसत असेल तर 911, म्हणजे तिथला तातडीच्या मदतीचा नंबर, आणि तेव्हा माफीचा विचार करत बसू नका. तो जिवंत राहून तुमच्यावर रागावू दे. काही राज्यांत घरचे लोक कोर्टात जाऊन बंदुका तात्पुरत्या काढून घेण्याचा आदेश मागू शकतात. टेक्सासात तसा कायदा नाही.

पण बऱ्याचदा सरकारच्या आधी एक मित्र पुरेसा होतो. तिथे त्याच्या ओळखीचा, बंदूक वापरणारा कुणीतरी शोधा. त्याने घरी जाऊन म्हणावं, "काही दिवस तुझ्या बंदुका माझ्या सेफमध्ये ठेवतो, बरं वाटलं की घेऊन जा." बंदूकवाल्याचं हे बोलणं बंदूकवाला ऐकतो. आपल्यावर कुणी शिक्का मारत नाही, हे त्याला कळतं. राज्याराज्यांत अशा ठेवण्याचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघावेत. टेक्सासात मित्राकडे ठेवायला कागद लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या रेंजवरचा एक जण बायको गेल्यावर यायचा बंद झाला. मी आणि माझा नवरा त्याच्या घरी डबा घेऊन गेलो. वरण-भात आणि फ्लॉवरची भाजी. तो जेवला. मग मी वर सांगितलं तेच वाक्य त्याला म्हटलं. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर उठून त्याने सेफ उघडला आणि सात बंदुका एकेक करून, प्रत्येकीचा बोल्ट उघडून ती रिकामी असल्याचं दाखवत, माझ्या हातात दिल्या. मी सातही क्रमांक वहीत लिहिले, त्याने खाली सही केली. पाच महिन्यांनी तो स्वतःच फोन करून आला. पाच घेऊन गेला. दोन ठेवल्या, म्हणाला, "या असू देत तुझ्याकडे अजून थोडे दिवस." त्या अजून माझ्याकडेच आहेत. दर महिन्याला मी त्या पुसते, तेल लावते आणि त्याला फोटो पाठवते.